मागच्या खोलीतलं काम

वर्षाराणी ढेबेशी कुणी गोड बोललं की तिच्या कपाळावर आठी पडायची. ही सवय तिला लहानपणी लागली आणि तिला कारण होतं.

पानशेतच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवर धनगरांची मोजकी घरं आहेत. त्यातलंच एक तिच्या वडिलांचं, म्हादूचं. दारात म्हशी, थोड्या शेळ्या, आणि रोज सकाळी दुधाची किटली घेऊन खालच्या डेअरीपर्यंतची उतरण. ती शाळेत असताना पुण्याचा एक माणूस धनगरवाड्यावर आला. पेढे घेऊन आला, म्हादूला मामा म्हणाला, तिच्या आईच्या, चंद्राबाईच्या हातचा चहा मागून प्यायला. खालच्या उतारावर त्यानं जागा घेतली होती, सुट्टीत राहायला बंगला बांधणार होता. जाताना म्हणाला, "मामा, जागा तुमचीच समजा. गुरं न्यायला कधी अडवणार नाही." दिवाळी झाली आणि तारेचं कुंपण उभं राहिलं. पाण्याकडं जायची वाट कुंपणाच्या आत गेली, म्हशींना लांबून वळसा पडायला लागला. म्हादू जाब विचारायला गेला तर तिथं नुसता राखणदार. घरात त्यावर फार बोलणं झालं नाही. पण तेव्हापासून कुणी काही देऊ केलं की वर्षाराणी बघायची, हा नेमकं काय न्यायला आलाय.

भोरला मावशीकडं राहून ती कॉम्प्युटरचं शिकली, प्रोग्रॅम लिहायलासुद्धा. पुण्यात एका कंपनीत लागली, पण तिथं दिवसभर कानाला फोन आणि समोर स्क्रीनवर चार खिडक्या उघड्या. संध्याकाळी खोलीवर आली की तिला स्वतःचं नावसुद्धा कुणी विचारू नये असं वाटायचं. वर्षभरात परत आली. गावात म्हणाली, तिथली हवा मानवली नाही. खरं कारण तिनं आईलाही सांगितलं नाही, कारण दमले म्हणणारी माणसं पहिली कामावरून काढतात असा तिचा हिशेब होता.

मग तिला शेफालीकडं काम मिळालं. शेफाली पुण्याची. वडिलांचा पानशेतला धरणाकाठी बंगला होता, त्यातच तिनं छोटी कंपनी थाटली होती. दूध संकलन केंद्रावर वजनकाटा असतो, दुधाचा भाव ज्यावर ठरतो ते फॅट मोजायचं मशीन असतं. त्या दोन्हींचे आकडे आपोआप शेतकऱ्याच्या नावावर चढवणारं सॉफ्टवेअर ती विकायची. केंद्रांचे सेक्रेटरी अडले की फोन करायचे, आणि ते फोन घ्यायचं काम वर्षाराणीकडं होतं. पुन्हा फोनच. पण घर जवळ होतं, आणि दुधातलं तिला कळत होतं. पहिल्या दिवशी शेफाली म्हणाली, "ऑफिस तुमचंच समजा." वर्षाराणीनं मान हलवली आणि मनात म्हणाली, हे वाक्य मी ऐकलंय.

फोनवर ती कधी कुणाला दुखवायची नाही. सकाळी पहिले दोन-तीन तास आवाजही बरा असायचा. दुपारनंतर मात्र डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं. समोरचा काय सांगतोय ते अर्धं ऐकून ती "हो हो, बंद करून चालू करा" म्हणायची. हे कुणाच्या लक्षात येत नाही, अशी तिची खात्री होती.

गेल्या वर्षी, पाऊस सरून भातं कापणीला आली होती तेव्हाची गोष्ट. शेफालीनं सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं आणि एक विचित्र प्रश्न विचारला. दिवसातून तुमचं डोकं कधी चालतं आणि कधी नाही? कुणाला मधेमधे व्यत्यय आलेला चालतो, कुणाला एकच गोष्ट धरून बसायला आवडतं?

"खरं सांगा," ती म्हणाली. "फोन घेणं एक तऱ्हेचं काम आहे, चूक शोधणं दुसऱ्या. आकडे तपासायला बसणं तिसरंच. सगळ्यांना सगळं सारखं जमावं असा माझा आग्रह नाही. ज्याला जे ज्या वेळी जमतं, ते त्याला द्यायचा विचार आहे."

पहिल्यांदा कुमार बोलला. कुमार कापूरहोळचा. वडिलांचं हायवेला गॅरेज, त्यामुळं दहा जण एकदम बोलत असताना काम करायची त्याला लहानपणापासून सवय. आठवडाभर पानशेतला खोली घेऊन राहायचा, शनिवारी घरी जायचा. तो सॉफ्टवेअर लिहायचा. तो हसत म्हणाला, "मॅडम, एका जागी तासभर गप बसलो की मला झोप येते. कोड लिहिताना तर हमखास."

वर्षाराणी त्याच्याकडं बघत राहिली. नोकरी देणाऱ्या माणसासमोर कुणी असं बोलतं का? मग तिच्या डोक्यात आलं, याला आधीच सांगून ठेवलं असेल. हा बोलला की बाकीचे सैल पडतील, आपापली कमजोरी आपल्याच तोंडानं सांगतील.

"आणि तुझं, वर्षाराणी?" शेफालीनं विचारलं.

"माझं सगळ्या वेळी सारखंच असतं, मॅडम."

"दुपारीसुद्धा?"

"दुपारीसुद्धा."

शेफालीनं वहीत काहीतरी टिपलं. मग पुढच्या माणसाकडं वळली. ते टिपणं वर्षाराणीला आवडलं नाही.

पुढच्या सोमवारी व्हायचं ते झालं. शेफालीनं तिला बोलावून सांगितलं की आजपासून फोन कुमार घेईल. वर्षाराणीनं मागच्या खोलीत बसायचं आणि एकच काम बघायचं. वेल्ह्याकडच्या एका केंद्रावर आकडे चुकत होते. कधीकधी संध्याकाळच्या वेळी दोन वेगवेगळ्या माणसांच्या दुधाला अगदी सारखं फॅट लागायचं, एकाचं गाईचं, दुसऱ्याचं म्हशीचं असलं तरी. गावात कुजबुज सुरू झाली होती की सेक्रेटरी सावळाराम आकडे फिरवतो.

"किती दिवसांत करायचं?" वर्षाराणीनं विचारलं.

"सापडेल तेव्हा. तुला कुणी हाक मारणार नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय."

मागची खोली म्हणजे बंगल्यातली गाद्या ठेवायची खोली. तिथं एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि चाचणीसाठी आणलेलं फॅटचं एक मशीन मांडून ठेवलं होतं. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायचं. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. तिला त्या शांततेत अजिबात बरं वाटलं नाही. फोन काढून घेतला, माणसांतून उठवलं, मुदतही दिली नाही. काम सापडलं नाही तर म्हणायला मोकळे, की बाई एवढे दिवस बसून होती.

घरी तिनं चुलीपुढं बसून आईला सांगितलं. चंद्राबाई भाकरी थापता थापता थांबली.

"म्हंजी बसायला जागा दिली आन् बोलायला माणूस न्हाई ठेवला."

"तेच की."

"मला तर लक्षान बरं न्हाई दिसत, बाई. तुज्या जागेव कोन बसला?"

"कुमार. कापूरहोळचा."

"मग त्यानंच कायतरी सांगितलं आसंल."

म्हादू बाहेर खाटेवर पडला होता. तिथूनच म्हणाला, "आगं, इचार की त्या बाईला. कशापायी बसावलं म्हनून."

"आबा, तुमी इचारलं व्हतं कुंपनवाल्याला. काय झालं?"

म्हादूनं खाटेवर कूस बदलली. चंद्राबाईनं भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून वर्षाराणीनं पहारा सुरू केला. पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर यायची, कुमारच्या टेबलाकडं नजर टाकायची. तो तिच्या खुर्चीवर पाय हलवत बसलेला असायचा, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं काहीतरी टाइप करत. तिचेच सेक्रेटरी, ज्यांची नावं, गावं, मशीनच्या खोडी तिला पाठ होत्या, त्यांच्याशी तो पाहुण्यासारख्या गप्पा हाणायचा. एकदा तिचं नाव ऐकू आलं. पुढचं कळलं नाही, पण त्यानंतर तो हसला एवढं तिनं पाहिलं.

तिला राहवेना. जेवायच्या सुट्टीत धरणाकडं उतरून तिनं स्वतःच्या मोबाईलवरून सावळारामला फोन लावला.

"काका, म्या वर्षाराणी. काम कसं चाललंय?"

"लई दिसांनी आवाज ऐकला, पोरी. बरं चाललंय. त्यो नवा पोरगा चांगला हाय."

"माज्याबद्दल काय बोलला का त्यो?"

"व्हय, बोलला की. म्हनला, बाई आत बसल्यात, तुमच्याच कामाला लागल्यात. त्यास्नी फोन करू नगा म्हनला."

"आसं का म्हनला?"

"त्ये म्या न्हाई इचारलं. पर पोरी, माजं तेवडं बघ. काल एक जन डेरीवर तोंडावर म्हनला, सावळाराम, तुज्या म्हशीचं फ्याट तेवडं कसं वाडतं. मला घास गेला न्हाई."

फोन ठेवला तेव्हा तिच्या डोक्यात दोन संशय होते. एक कुमारचा, की तो गिऱ्हाइकांना तिच्यापासून तोडतोय. दुसरा सावळारामचा. माणूस रडवेला बोलतो म्हणून खरा असतो असं थोडंच आहे. आणि आकडे फिरवायचे तर सेक्रेटरीइतकं सोपं कुणाला?

म्हणून तिनं सुरुवात सावळारामपासूनच केली. त्याच्या केंद्राचे आकडे उघडले आणि त्याला पकडायच्या इराद्यानं बघायला लागली. सारखं फॅट ज्यांना ज्यांना लागलं, ते त्याचे नातेवाईक आहेत का? नव्हते. फायदा त्याचा होतोय का? कधी त्याच्याच घरच्या दुधाचं फॅट कमी लागलेलं होतं. चोरी करणारा स्वतःचं कशाला कमी करेल? मग तो निसटला. आता संशय मशीनवर गेला. मशीनही निसटलं. ते देत होतं तो आकडा बरोबर होता. उरलं सॉफ्टवेअर. तिनं ते ओळीनं वाचायला घेतलं, प्रत्येक ओळीला मनातल्या मनात विचारत, तू खरं बोलतेस कशावरून?

मान वर केली तेव्हा डबा तसाच होता आणि जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. खिडकीबाहेरची सावली पार पलीकडं सरकलेली. आपण एवढा वेळ कुठं होतो तेच तिला कळेना. पुण्यातल्या नोकरीत घड्याळाकडं शंभर वेळा बघणारी ती, आज एकदाही बघितलं नव्हतं. डोकं दमलं होतं, पण जड झालं नव्हतं. क्षणभर तिला चक्क बरं वाटलं. लगेच ती सावध झाली. आपल्याला कळू न देता आपल्याकडून काम काढून घ्यायची ही यांची युक्ती तर नाही?

तरी दुसऱ्या सकाळी तिची पावलं ऑफिसकडं नेहमीपेक्षा लवकर पडली, हे तिलाही नाकारता आलं नसतं.

आठवडा गेला असेल. एका सकाळी तिला चूक सापडली. फॅटचं मशीन आकडा द्यायला थोडा वेळ घेतं. तेवढ्यात सेक्रेटरीनं पुढच्या माणसाची नोंद उघडून घाईनं बटण दाबलं, तर सॉफ्टवेअर थांबायच्या ऐवजी आधीच्याच माणसाचा आकडा उचलून टाकत होतं. आणि घाई संध्याकाळीच व्हायची, दूध न्यायला टेम्पो दारात येऊन हॉर्न द्यायचा तेव्हा. तिनं खोलीतल्या मशीनवर तेच मुद्दाम करून बघितलं. पहिल्यांदा झालं नाही. हात आणखी घाईनं चालवला तेव्हा झालं. पुन्हा केलं, पुन्हा झालं.

मग तो भाग कुणी लिहिलाय ते तिनं बघितलं. कुमारनं.

तिच्या मनात एकदम सगळं जागेवर बसल्यासारखं झालं. चूक त्याची, म्हणून त्यानं स्वतः कोडातून अंग काढलं आणि फोनवर जाऊन बसला. चूक सापडली नाही तर खापर तिच्यावर, सापडली तर तो तोवर लांब. खरं तर आधी त्याला सांगायला हवं होतं. तिथली रीत तशी होती, ज्याचं काम त्याला पहिलं दाखवायचं. तिनं ते केलं नाही. सरळ व्हरांड्यात गेली. शेफाली आणि बाकीचे चहा पीत होते, कुमार फोनवर होता.

"मॅडम, सावळारामकाकांच्या केंद्राची चूक सापडली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चूक कुमारनं लिहिलेल्या भागात आहे."

शेफालीनं कप खाली ठेवला. "छान झालं. त्यालाही तसंच वाटत होतं."

"काय वाटत होतं?"

"की चूक त्याच्याच भागात असणार. त्यानं दोनदा शोधून बघितली, सापडेना. म्हणाला, मी लिहिलंय ना, त्यामुळं मला ते बरोबरच दिसतं. वर्षाराणीला द्या म्हणाला. तिचा कशावर विश्वास बसत नाही, तिला सापडेल. तिचे फोन मी घेतो."

कुमारचा फोन तेवढ्यात संपला होता. त्यानं शेवटचं ऐकलं असावं, कारण तो खाली बघून चहाचा कप शोधायला लागला. वर्षाराणीला वाटलं, आपण या व्हरांड्यात उभ्या नसतो तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "करून दाखवते, आत या," आणि आधी स्वतः आत गेली.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती जीपची वाट बघत रस्त्याला थांबली होती. कुमार खोलीकडं निघालेला दिसला, तशी तिनं त्याला हाक मारली.

"तू मॅडमना माझ्याबद्दल अजून काय सांगितलंस?"

कुमार थांबला. "खरं सांगू? राग मानशील."

"आधीच मानलाय. सांग."

"दुपारनंतर तू फोन घेतलास की डावा हात कपाळाला लावून बसायचीस. माणूस पुरतं बोलायच्या आत हो हो म्हणायचीस. मग तोच माणूस संध्याकाळी परत फोन करायचा, आणि तेव्हा तू घरी गेलेली असायचीस, तर तो मी घ्यायचो. असं रोज व्हायला लागलं. मी मॅडमना म्हटलं, ती कामचुकार नाही, तिचं काम चुकीच्या जागी आहे. माझंही तसंच आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

जीप आली, ती चढली. वाटेभर तिला कुमारच्या उत्तरापेक्षा दुसरीच गोष्ट टोचत राहिली. सगळ्यांवर नजर ठेवणारी ती, आणि तिच्यावर कुणाची नजर आहे हे तिला कळलंसुद्धा नव्हतं. आणि त्या नजरेनं तिचं वाईट केलं नव्हतं. निदान अजून तरी.

सावळारामला तिनं दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून सांगितलं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर केंद्रावर चढवायला कुमारला पाठवलं, आणि त्यानं गावातल्या चार माणसांसमोर बटण घाईनं दाबून काय होत होतं आणि आता काय होतं ते दाखवलं. तसं दाखवणं वर्षाराणीला जमलं नसतं. सावळारामवरची कुजबुज कमी झाली. पुरती थांबली असं तो म्हणाला नाही.

कुमारची तिनं माफी मागितली नाही. मात्र त्याच्या भागात पुढं काही सापडलं की ती आधी त्याच्या टेबलापाशी जायला लागली. तो म्हणायचा, "आले का पोलीस?" आणि ती आठी न घालता बसायची.

कामाची वाटणी तशीच राहिली. सकाळ मागच्या खोलीत बरी जायची, दुपारी मात्र तिचं डोकं तिथंही चालेना. ते ती कुणाला बोलली नाही. स्वतःच गुपचूप बदल केला. जेवणानंतर अवघड काही उघडायचंच नाही, केंद्रांकडून आलेले दिवसभराचे आकडे नुसते जुळवत बसायचं. ते काम असं होतं की हात चालत, डोक्याला फारसं विचारावं लागत नसे. शेफालीच्या लक्षात आलंय का, याचा ती अंदाज घेत राहायची.

मग यंदाच्या लग्नसराईत कुमार बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेला आणि फोन पुन्हा तिच्या टेबलावर आला. पहिला दिवस तिनं रेटला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर भोरकडचा एक सेक्रेटरी वजनकाट्याचं काहीतरी सांगत होता, आणि तिच्या लक्षात आलं की आपला हात कपाळावर गेलाय. तिनं तो खाली घेतला. सेक्रेटरीला म्हणाली, "दादा, थांबा, पहिल्यापासून सांगा." ऐकलं, त्याचं काम केलं. बोलणं संपलं तशी फोन घेऊनच शेफालीच्या खोलीत गेली.

"मॅडम, मागं तुम्ही विचारलं होतं ना, डोकं कधी चालतं? मी खोटं सांगितलं होतं. जेवणानंतर मला फोन जमत नाही. माणसाचं नीट ऐकू येत नाही."

शेफालीनं तिच्याकडं पाहिलं. "बरं. दे इकडं," म्हणाली, आणि फोन स्वतःच्या टेबलावर घेतला.

"एवढंच?"

"अजून काही आहे का?"

"नाही."

वर्षाराणी बाहेर आली आणि आकडे जुळवायला बसली. आता काय होतंय याची ती वाट बघत होती. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. शेफाली जाताना नेहमीसारखी "येते" म्हणाली. त्या शब्दात काही वेगळं आहे का, ते वर्षाराणीनं नीट ऐकलं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कुमार लग्नातले लाडू घेऊन परत आला आणि फोन त्याच्याकडं गेला.

मॅडमना खरं सांगून टाकल्याचं तिनं घरी सांगितलं होतं. चंद्राबाईनं विचारलं, "मग? बोलली का काय ती बाई?"

"न्हाई. कायच न्हाई."

"आजून बोलंल," चंद्राबाई म्हणाली.

"बोलंल तवा बगू," वर्षाराणी म्हणाली आणि म्हशींना पाणी दाखवायला उठली.